दोन ताई

४ मार्च

ताई निवडणुकीला उभी राहिली! आमची ताई, जिचं संध्याकाळी भाजी कोणती करायची हेसुद्धा दुपारपर्यंत ठरत नाही, ती आता वॉर्ड चालवणार. कोणाला न विचारता अर्ज भरून आली आणि मग मला फोन. "ऐकलंस का, मी उभी आहे." मी म्हटलं, "मग बस की." तिला विनोद कळला नाही.

पण मला आनंद झालाय. खरंच झालाय.

५ मार्च

आनंद एक दिवस टिकला. संस्थेचे वकीलकाका सकाळीच ऑफिसात हजर. आमची संस्था ती केवढी — चाकाच्या खुर्चीतल्या माणसांना दवाखान्यात नेणारी एक गाडी, एक ड्रायव्हर आणि मी. पण यंदा आम्ही हट्टाला पेटलोय. वॉर्डाच्या दवाखान्याला रॅम्प हवा म्हणजे हवा. अकरा पायऱ्या आहेत. आमच्या चित्रकलेच्या मास्तरांना ड्रायव्हर आणि कंपाउंडर खुर्चीसकट उचलून वर नेतात. परवा मास्तर म्हणाले, "सत्तर वर्षांचा झालो, अजून कडेवरच." सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

वकीलकाकांनी नियम सांगितले. रॅम्प खुशाल मागा. सगळ्या उमेदवारांना एकच प्रश्न विचारा, उत्तरं जशीच्या तशी छापा. पण अमक्याला मत द्या, तमक्याला देऊ नका, हे संस्थेच्या पत्रकातून, फोनवरून, गाडीतून चुकूनसुद्धा नाही. "नोंदणी जाईल. मग रॅम्प विसरा." आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत — "तुमची तर सख्खी बहीण."

जशी काही मीच तिला उभी केली.

९ मार्च

माती खाल्ली!

पत्रकं छापून आली. आठशे. वर ठळक अक्षरांत 'दवाखान्याला रॅम्प हवा'. खाली 'काहीही अडलं तर ताईंना सांगा'. आता ताई म्हणजे मी. गाडीत बसणारे सगळे नऊ वर्षं मला ताईच म्हणतात. पण आज चौकात बहिणीचा फलक लागला. हसरा फोटो, हात जोडलेले, आणि खाली — 'काहीही अडलं? ताई आहे!'

तोवर दोनशे पत्रकं वाटून झाली होती. ड्रायव्हर फलकाकडे बघतो, पत्रकाकडे बघतो, माझ्याकडे बघतो. म्हणाला, "यापेक्षा तुम्हा बहिणींचं भांडण असतं तर परवडलं असतं."

१० मार्च

चष्म्याच्या दुकानाचे मालक आले. ताईच्या विरोधात उभे आहेत तेच. हातात आमचं पत्रक. "ही ताई कोणती?" मी म्हटलं, "मी." त्यांनी पत्रक पुन्हा वाचलं. "असं लेखी द्या." दिलं. तक्रार करणार नाही म्हणाले, पण पत्रकं परत घ्या.

दारोदार फिरून परत मागितली. एका बाईंनी फळीवर अंथरलं होतं, वर डबे. डबे उतरवले, पत्रक घेतलं, डबे पुन्हा लावून दिले.

११ मार्च

दिवसभर काळ्या मार्करने 'ताईंना' खोडलं, वर 'ऑफिसात' लिहिलं. वकीलकाकांचा हुकूम — मतदानापर्यंत मला कोणी ताई म्हणायचं नाही. मास्तरांनी लगेच 'मावशी' सुरू केलं. सत्तर वर्षांचा माणूस मला मावशी म्हणतो!

१४ मार्च

ताई आली. "रविवारी तुझी गाडी नुसतीच उभी असते ना? दोन तास दे, माईक लावून फिरते." नाही म्हटलं. "सख्ख्या बहिणीला नाही म्हणतेस? शाळेत तुझा गृहपाठ कोण करायचं?"

तीच करायची. चहा न घेता गेली.

१९ मार्च

तिघा उमेदवारांना आमचा प्रश्न गेला. दवाखान्याला रॅम्प कधी आणि कसा कराल?

संध्याकाळी ताईचा फोन. "तूच लिही ना गं दोन ओळी. तुला सगळं पाठ आहे." पाठ आहेच! उतार किती हवा, कठडा कुठे, वळण कुठे — अगदी जिभेवर आलं होतं. म्हटलं, "ताई, तुझं तूच लिही." ती म्हणाली, "मी तुझा गृहपाठ असा मोजून नव्हता केला." फोन बंद.

जेवताना घरी सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "दोन ओळी सांगितल्या असत्यास तर कोणाला कळणार होतं?" मला कळलं असतं ना.

२४ मार्च

उत्तरं छापली. सारखी अक्षरं, सारखी जागा. तिसऱ्याचं आलंच नाही, तिथे 'उत्तर आले नाही' एवढंच.

ताई: 'सर्वांना विश्वासात घेऊन योग्य वेळी योग्य तो निर्णय घेऊ.'

चष्मेवाले: 'काल टेप घेऊन जाऊन आलो. पायऱ्या अकरा. समोर जागा कमी, उतार बाजूने वळवावा लागेल. सहा महिन्यांत करू. नाही झाला तर मास्तरांच्या खुर्चीला एका बाजूने मी हात लावीन.'

ताईचं उत्तर चारदा वाचलं. मागे आणखी काही लिहिलंय का म्हणून कागद उलटूनही पाहिला.

मास्तरांनी विचारलं, "मावशी, मत कोणाला द्यायचं?"

"मला सांगता येत नाही."

"कायद्याने?"

"कायद्याने."

बरं आहे, कायदा आहे.

३० मार्च

मत दिलं. येताना ताई लांबून दिसली. तिने हात हलवला. मीही हलवला.

१ एप्रिल

ताई निवडून आली. दोन मतांनी! धावत घरी आली, रुसवाबिसवा सगळा विसरून गळ्यात पडली. "दोन मतं गं! एक माझं, एक तुझं." तोंड दिसू नये म्हणून मी तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. माझं मत चष्मेवाल्यांना होतं.