आई पांढऱ्या स्तूपापर्यंत चढली

लांझोऊ, चीन. मंगळवार संध्याकाळ

आई चढली. कोणाचाही हात न धरता, थेट वरपर्यंत.

परदेशातला एक तरी स्तूप बघायचा, हा तिचा जुना हट्ट. आमच्या आळे गावाहून निघताना दादा मला म्हणाला होता, "या वयात तिला नेतेस, काही झालं तर तू जबाबदार." विमानातही तेच वाक्य डोक्यात.

आज पीत नदीवरच्या जुन्या लोखंडी पुलावर आई थांबली. गढूळ पाण्याकडे बघत म्हणाली, "कुकडीला पूर आल्यावानी दिसतंय." मी मात्र समोरची टेकडी बघत होते. माथ्यावर पांढरा स्तूप, आणि मधे पायऱ्याच पायऱ्या. मी रोपवेच्या तिकिटांकडे वळले.

"पाळण्यात बसायला मी काय तान्ही हाय?" असं म्हणून ती चालूही लागली.

मी मागे, तिच्या गुडघ्यांवर नजर ठेवून. काही झालं तर? मधल्या मंडपात ती टेकली तेव्हा वाटलं, संपलं. पण पाणी पिऊन पुन्हा उठली. वर पोचल्यावर स्तूपासमोर हात जोडून तिने खड्या आवाजात त्रिशरण म्हटलं. मीही तिच्या मागे उभी राहून हात जोडले.

मग तिनेच दादाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला.

"आई, कुठं आहेस?"

"डोंगरावर. आपल्या मानमोडीच्या लेण्यांची चढण याच्यापरीस अवघड हाय."

दादा म्हणाला, "आता उतरणार कशी?"

"आधी बसून नीट बघू दे. उतरायचं मग बघू."