पत्राखालची चिठ्ठी

कमलाक्का, पाया पडतो.

मी बरा हाय, जेवण येळेवर हाय. तुझ्या पत्रावर पहिल्यांदाच 'जिल्हा लातूर' वाचलं. जिल्हा नवा झाला, पण चाकूरची आपली विहीर आटलीच म्हणतीस. पाणी किती लांबून आणतीस?

एक सांगतो, आईला कळू देऊ नको. तुझं पत्र मी विमानतळाच्या मनोऱ्यात ड्युटीवरच फोडलं. आमच्यापुढच्या फळीवर आभाळातल्या एकेका विमानाची चिठ्ठी असते, तिच्यावरूनच कोण किती उंचीवर हाय ते कळतं. विहिरीचं वाचून माझं डोकंच चालंना. पत्र फळीवर ठेवलं, त्याखाली एका बारक्या विमानाची चिठ्ठी झाकली. अन् मी प्रवाशांच्या मोठ्या विमानाला त्याच उंचीवर यायला सांगितलं.

पुन्हा वाचावं म्हणून पत्र उचललं, तवा चिठ्ठी दिसली. रेडिओवर ओरडूनच बारक्याला डावीकडं वळवलं. दोन्ही विमानं सुखरूप उतरली, काळजी करू नको.

बारकं विमान एक शिकाऊ पोरगी चालवत होती. ती जिना चढून वर आली अन् माझ्या पाया पडली. म्हणाली, "सर, तुमच्यामुळं वाचले."

सायबांनी पाठ थोपटली. तुझं पत्र तवा माझ्या खिशात होतं.

तुझा धाकटा,
शरणप्पा