हरणाच्या पोटातली काडी

तलवाडा, मंगळवार, दिवेलागण

ती काडी मी घेतलीच कशाला?

पेंढा भरलेलं माझं हे पहिलंच हरीण. आटलेल्या तळ्यात मेलेलं सापडलं, तेव्हाच पार खंगलेलं होतं. गावच्या चारा सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "पोट खपाटीला गेलंय मास्तर, जरा भरा. कचेरीत ठेवायचंय." म्हणून आज टाके उसवून सोसायटीतलाच कडबा कोंबला. पोट छान गोल झालं. टाके घालायच्या आधी पाणी प्यायला आत गेलो, तेवढ्यात शेजारच्या सुभद्राकाकूंची गाय येऊन त्या पोटातला कडबा ओढून खायला लागली. मी काठी घेऊन धावलो. मारलीसुद्धा.

काकू पळत आल्या. "चुकलं मास्तर. उपाशी हाय, तिला काय कळतंय!" त्यांनी गाईच्या तोंडातली काडी ओढून काढली, पदराला पुसली, माझ्या हातात दिली.

मी घेतली. आत कोंबून टाकेही घातले.