पेटी क्रमांक दोनशे बारा

बाकोस, अलेक्झांड्रिया
३ ऑक्टोबर २००९

चि. वग्दी यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

रावयाचं पत्र पोचलं. ईदला बांधून दिलेली कहक बिस्किटं संपली म्हणे, आणि त्याच पत्रात तुझ्या बायकोने तुझी चहाडीही केली आहे. तिच्यावर रागावू नकोस, मीच खोदून विचारलं होतं. तू आणखी एक पेटी आणलीस. दिग्दर्शक लुत्फी मन्दूर यांचे आठ चित्रपट, आत मखमल, जाड पुस्तिका, वर सोनेरी आकडा आणि किंमत सहाशे पाउंड. अरे, हे आठही चित्रपट दर ईदला टीव्हीवर फुकट लागतात. या ईदलाही, तुम्ही यायच्या आधी, बाबांनी आणि मी तुर्मुसच्या बिया सोलता सोलता त्यातला एक पाहिला. एवढ्यात लुजैनचे अख्ख्या हिवाळ्याचे कपडे झाले असते. चार वर्षांची पोर, दर महिन्याला वीतभर वाढते.

बाबांना पेटीचं सांगितलं तर त्यांनी पाटीवर लिहिलं, त्यात मी नाही. खरंच आहे ते. एक्केचाळीस वर्षं ते क्लॅकेटची पाटी घेऊन कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. प्रसंग कितवा, तुकडा कितवा, कितव्यांदा, हे खणखणीत आवाजात पुकारायचं, पाटीवरची फळी आपटायची आणि बाजूला व्हायचं. नेमका तेवढाच भाग संकलक आधी कापून टाकतो. तुर्मुस खावा आणि साल टाकावी, तसं त्यांचं सगळं काम कचऱ्यात गेलं.

आता तीच पाटी त्यांची जीभ झाली आहे. घशाच्या ऑपरेशनला दोन वर्षं होतील. काही हवं असलं की फळी आपटायचे आणि खडूने लिहायचे. पण ईदला लुजैन त्या आवाजाला आणि त्यांच्या गळ्यातल्या भोकाला घाबरून रडली, तेव्हापासून फळी वाजलेली नाही. दोन आठवड्यांत पाटीवर एकूण चार शब्द. त्यातले तीन तुझ्या पेटीबद्दल, चौथा ‘पाणी’. फोनवर त्यांना बोलता येत नाही म्हणून आपण ही पत्रं सुरू केली, आणि आता तेच पत्राला हात लावत नाहीत. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. मला भीती वाटते रे.

आमच्या यांची तब्येत बरी आहे. लोभ पेटीत बंद करून ठेवू नकोस.

तुझी,
इन्शिराहताई


शुब्रा, कैरो
१० ऑक्टोबर २००९

ती. ताईस वग्दीचा कृ. सा. सलाम. वि. वि.

घरातच हेर बसला आहे हे कळलं. जिच्या कपाटात मुरंब्याच्या धुतलेल्या साठ बाटल्या आहेत तिने मला साठवणुकीबद्दल बोलू नये, एवढंच लहान भाऊ म्हणून सुचवतो.

पेटीचं म्हणशील तर टीव्हीवर दिसतो तो चित्रपट कडा छाटलेला, मध्ये साबणाच्या जाहिराती. मन्दूरसाहेबांच्या रिळांना गोदामात बुरशी आली होती. कुणीतरी वर्षभर बसून एकेक चौकट धुऊन काढली. त्या माणसांना शाबासकी कशी द्यायची? मी विकत घेऊन देतो. शिवाय हजारच पेट्या निघाल्या, त्यातली माझी दोनशे बारावी. सहा तबकड्या आहेत. चार त्या आठ चित्रपटांच्या, एक मुलाखतींची आणि एक न कापलेल्या तुकड्यांची, चाळीस मिनिटांची. हे सगळं मागच्या बाजूला छापलेलं वाचून सांगतोय, कारण सील मी फोडलेलं नाही. हसू नकोस. आम्ही पेट्या जमवणारे लोक सील फोडत नाही. फोडली की पेटी जुनी झाली. चार महिने ती कपाटावर उभी आहे आणि मी रोज तिच्यावरची धूळ पुसतो.

खरं सांगू? तुम्ही दोघं कुवेतला राहत होता तेव्हा बाबांनी पाठवलेली ती कॅसेट आठवते? पत्राऐवजी बोलून पाठवलेली. तू सुट्टीला येताना ती परत आणलीस आणि मी, चौदा वर्षांचा गाढव, तिच्यावर फुटबॉलच्या सामन्याचं धावतं वर्णन भरलं. तेव्हा कुणी काही बोललं नाही. बाबा समोर असताना त्यांच्या आवाजाची कुणाला पडली होती? आता तो आवाज घरात कुठेच उरलेला नाही आणि लुजैनला तो आठवतही नाही. तेव्हापासून चांगली वस्तू हाती आली की मला ती उघडायचीच भीती वाटते.

बाबांचे हात माझ्या वतीने चूम. आहे तसा लोभ असू दे, बाटल्यांवरून बोललो तरी.

तुझा,
वग्दी


बाकोस
१५ ऑक्टोबर २००९

चि. वग्दी, आशीर्वाद. वि. वि.

बातम्या नंतर. तू क्लॅकेटवाल्याचा मुलगा आहेस का रे? न कापलेले तुकडे म्हणजे काय? कापायच्या आधीचे. कापायच्या आधी तिथे कोण असतं? चार महिने तू कुणाच्या अंगावरची धूळ पुसतो आहेस?

फोनच करणार होते, पण तो बाबांच्या उशाशी आहे. त्यांनी ऐकलं आणि तबकडीवर दुसराच कुणी निघाला तर? मन्दूरसाहेबांच्या सगळ्या चित्रपटांना बाबा नव्हते, तीनच त्यांचे. म्हणून आधी तू एकटा बघ. बाबा आता बाकल्याची फुल-उसळसुद्धा दोन घासांवर बाजूला सारतात.

सील फोड. हे पत्र खाली ठेव आणि फोड.

तुझी, वाट बघणारी
ताई


शुब्रा
२१ ऑक्टोबर २००९

ती. ताईस कृ. सा. सलाम. वि. वि.

फोडलं. करंगळीच्या नखाने, रावयाची कात्री समोर असताना.

पहिली दहा मिनिटं कुणा भलत्याच माणसाचा किनरा आवाज. पुढची दहा मिनिटं तोच. मी पेटी बंद करायच्या बेतात होतो. मग पडद्यावर एक हात आला, पाटी धरलेला, आणि अंगठा असा बाहेर वळलेला. ताई, तो अंगठा मी कुठेही ओळखीन. मागोमाग आवाज आला, प्रसंग सत्तावीस, तुकडा तीन, पहिल्यांदा. मी जमिनीवरच बसलो.

एकोणीस वेळा आहेत बाबा. कधी अर्धा चेहरा, कधी नुसती बाही, पण आवाज प्रत्येक वेळी पुरा. एका घाबरलेल्या नटीला, फळी आपटायच्या आधी, पोरी, पाणी पी, घाई कुणाला आहे, असं हळूच म्हणालेत. त्याच प्रसंगाच्या पाचव्या खेपेला मात्र त्यांना काय झालं कळत नाही. पाचव्यांदा असं एवढ्या जोरात ओरडलेत की मागून ध्वनिमुद्रक बाबांचं नाव घेऊन, ‘सलामा, कान फाडता का’ म्हणून खेकसलेला ऐकू येतो. पाटीवर खाली तारीख आहे, पण ती नेमकी बाबांच्या अंगठ्याखाली गेली आहे.

लुजैनने विचारलं, हा कोण ओरडतो? म्हटलं, तुझे आजोबा. आजोबांना आवाज होता? म्हणाली. मग दिवसभर लाकडी चपलांची जोडी एकमेकींवर आपटत घरभर पाचव्यांदा, पाचव्यांदा. शेजारचे वर येऊन गेले.

पुढच्या गुरुवारच्या गाडीने आम्ही तिघं येतो, पेटी घेऊन. बाबांना काही सांगू नकोस. ताई, तू हट्टी आहेस आणि देवाने तुला तसंच ठेवावं. कॅसेटचं पाप फिटलं असं म्हणत नाही, पण आज रात्री मला झोप लागेल. तुझे उपकार.

तुझा,
वग्दी


बाकोस
२ नोव्हेंबर २००९

चि. वग्दी, अ. आ. वि. वि.

पाटी लहान पडते म्हणून कागद घेतला. सवय नाही, अक्षर सांभाळून घे.

पाचव्या खेपेला मी उठून गॅलरीत गेलो ते तू मनाला लावून घेतलंस, असं इन्शिराह म्हणते. घेऊ नकोस. तुम्हा सगळ्यांसमोर रडायचं नव्हतं, एवढंच. गॅलरीत लुजैन मागोमाग आली. पाटी माझ्या मांडीवर ठेवली, स्वतःच फळी आपटली आणि लिहा म्हणून बोटाने खूण केली. गळ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि दुखतं का म्हणून विचारलं. मी नाही असं लिहिलं. तिला वाचता येत नाही, पण समजलं.

आता त्या पाचव्या खेपेचं. चार वेळा त्या पोरीची वाक्यं चुकली होती. पाचव्याच्या आधी फाटकावरचा पहारेकरी धावत आला आणि माझ्या कानात म्हणाला, सलामा, मुलगा झाला, दोघंही खुशाल. मला लगेच निघता येईना. प्रसंग संपल्याशिवाय क्लॅकेटवाला पाटी दुसऱ्याच्या हातात देत नाही, अशी आमची रीत. म्हणून पाटी उचलली आणि पुकारलं. ध्वनिमुद्रक रागावला तो त्याच्या जागी बरोबर होता. ती हाक त्याच्यासाठी नव्हतीच.

अंगठ्याखालची तारीख चौदा मार्च बहात्तर आहे.

तेव्हा कॅसेटचं आता मनातून काढून टाक. तिच्यावर मी टोमॅटोचा भाव सांगितला होता आणि मावशीच्या गुडघ्याचं रडगाणं गायलं होतं. तू पुसलंस त्यात काही गेलं नाही. तू जन्मलास हे मी ज्या आवाजात सांगितलं तो आवाज कापून टाकला, असं मी सदतीस वर्षं धरून चाललो होतो. तो तू घरी आणलास. बापावर मुलाचे उपकार असतात की नाही मला माहीत नाही, माझ्यावर आहेत.

निघताना तू हसत विचारलंस की पेटी सहाशेला घेण्यासारखी होती का. पाटीवर लिहायला जागा नव्हती. घेण्यासारखी होती. चार महिने बंद ठेवण्यासारखी नव्हती. घरात बाकीच्या किती आहेत रे अशा? इन्शिराह तेवीस म्हणते. एकेक उघड. कुणाकुणाचे बाप असतील आत.

इन्शिराह जेवायला हाका मारते आहे, तीनदा झाल्या. आज भूक आहे. आमच्यावरची माया ही अशीच उघडी राहू दे.

तुझा बाप,
सलामा