शिरीषाच्या बुंध्यावरची अळंबी

सोनाळा,
३ जून २०२५

प्रिय रेवती,

तुला अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. वावरं वखरून झाली. कैरीचं लोणचं घातलंय, तुझी बरणी वेगळी काढलीय. मुख्य म्हणजे तुझ्या भाचीला, करिष्माला मुलगी झाली. रंग जावईबापूंचा, नाक तुमच्या घराण्याचं.

फोन करता आला असता. पण दिवाळीपासून आपण बोललो नाही. आता लावला असता तर नुसती रडले असते. म्हणून लिहिते. शेजारचा गोपाल उद्या बुलढाण्याला येतोय, त्याच्या हाती देईन.

दिवाळीत तू अंगणातल्या शिरीषावरच्या दोन अळंब्या मला दाखवल्या होत्यास. मला दोन्ही सारख्याच वाटल्या, लाकडाला चिकटलेल्या तपकिरी कानांसारख्या. तू म्हणालीस, “वैनी, वरून नको पाहू. खालून पाह्य.” वाळक्या फांदीवरची पातळ, पोट गुळगुळीत. ती मेलेलं लाकूड खाते, फांदी छाटली की झालं. बुंध्याजवळची मात्र जाड, खालून पांढरी, सुईनं टोचावीत तशी बारीक भोकं. तिच्यावर नख ओढलंस तर तपकिरी रेघ उमटली. “ही जित्या झाडाले आतून खाते. वरून हिरवं दिसते, पण भरवसा नाई.”

त्यावर तुझे दादा काय बोलले, ते पुन्हा लिहीत नाही. मामंजींनी स्वतः लावलेलं झाड. तू ते तोडायलाच निघालीस असं त्यांना वाटलं. तू चहाही न घेता बस धरलीस. त्यांनी बुंध्यावरची अळंबी कोयत्यानं खरवडून टाकली आणि म्हणाले, “झालं! गेला रोग.”

चैत्रात करिष्मा बाळंतपणाला आली. दुपारी शिरीषाखाली बाज टाकून निजायची. एकदा अंगण झाडताना पाहिलं, तर बुंध्याशी नवी अळंबी. तिथं मोरीचं पाणी मुरतं. ही ती दुसरी, साधी असेल, अशी मनाची समजूत घालत वाकले आणि नख ओढलं. तपकिरी रेघ.

मी बाज उचलून गोठ्याच्या पडवीत नेली. तिथला पत्रा किती तापतो तुला माहीत आहे. करिष्मा चिडली. तुझे दादा ओरडले, “पोरीले उकाड्यात काऊन मारून राह्यली? रेवतीचं भूत चढलं का तुह्यावर?”

मी म्हटलं, “हाव, चढलं. बाज तिथीच राहीन.”

लग्न झाल्यापासून त्यांना असं उलटून कधी बोलले नव्हते. रोज ओलं गोणपाट पत्र्यावर टाकायची, पण बाज हलू दिली नाही.

वैशाखात एका दुपारी वावधान सुटलं, वादळी वारा नुसता घोंघावत होता. मी आत डाळ निवडत होते. मोठा कडकडाट झाला. धावत बाहेर आले, तर अंगणभर हिरवा पालाच पाला. शिरीष बुंध्यातून मोडून आडवा पडला होता, नेमका बाजेच्या जुन्या जागेवर. करिष्मा पडवीचा खांब धरून उभी होती, दुसरा हात पोटावर.

रेवती, हेच लिहायचं होतं, आणि मी लोणच्यापासून सुरुवात केली.

तुझे दादा वावरातून धावत आले. आधी लेकीला पाहिलं, मग मोडक्या बुंध्यात हात घातला. आतलं लाकूड भिजल्या भाकरीसारखं कुस्करलं. संध्याकाळी करिष्माच्या उशाशी जाऊन म्हणाले, “तुही आत्या बरोबर होती.” तेवढंच. तेव्हापासून तुझा नंबर काढून मोबाईल हातात धरून बसतात, पण लावत नाहीत.

बाई गं, तू रागानं गेलीस, पण जायच्या आधी मला नीट शिकवून गेलीस. नातीला न्हाऊ घालताना तिची इवलीशी मूठ उघडते, आणि दरवेळी तू आठवतेस. घरच्या माणसाचे आभार कसे मानायचे, मला येत नाही. आज आमच्या मांडीवर जे हलतंय, ते तुझ्यामुळे हलतंय, एवढंच कळतं.

बारसं रविवारी आहे. नाव आत्यानंच, म्हणजे तूच ठेवायचं, असा करिष्माचा हट्ट आहे.

पत्राची घडी घालणार होते, तर तुझे दादा म्हणाले, “थांब, कागद दे इकडे.” खालचं अक्षर त्यांचं आहे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
शैलजा वहिनी

रेवा,
बारशाले ये. शनिवारी मी सोता न्यायले येतो. बाबाच्या झाडाच्या जागी कोणतं झाड लावावं, ते तू सांग. या वेळी मी आयकतो.
दादा