आठ दिवसांची डाळिंबं

४ ऑगस्ट, सोमवार
कडक उपवास. सिद्धेश्वराला जाऊन आले. पायऱ्यांवर दोन बायांनी अडवलं, "हेराची बायको न्हवं का तुमी?" ह्यांचं खरं नाव आता गावात कुणाला आठवत नाही. मालिकेत हे पोलिसांचे हेर. टोळीत शिरलेत, टोळीवाल्याच्या बहिणीशी लग्न लावलंय आणि आता तिच्यावर जीव जडलाय. इकडे आड तिकडे विहीर. सासूबाई साडेआठला टीव्हीपुढे. "लई जीव जळतोय बघ माझ्या लेकराचा." लेकरू मुंबईत मजेत. इथे भाकऱ्या मी थापते.

७ ऑगस्ट
आजचा भाग. पहाटे बायकोच्या भावाला पकडून देणार आणि आज तिच्याजवळ बसून डाळिंब सोलतायत. पांढरं साल जराही राहू न देता वाटी भरली, चमच्याने भरवलं. "तू फक्त खा. बाकीचं मी बघतो."
मी उठून आत गेले. हे माझं आहे! तीन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात बाळ गेलं तेव्हा आठ दिवस असंच डाळिंब, हेच वाक्य. बारा वर्षांच्या संसारात तेवढेच आठ दिवस मला कुणी जपलं. तेही आता घरोघरी दाखवून झाले.

९ ऑगस्ट
मोबाईलवर ह्यांची मुलाखत. डाळिंब सोलताना चेहऱ्यावर ते भाव कुठून आणलेत, असं मुलाखत घेणाऱ्या मुलीने विचारलं. हे हसले. "काही लपवायचं असलं की माणूस हात रिकामे ठेवत नाही. स्वतःचा अनुभव." तीही हसली.
बाळ गेल्याचं तर मला माहीतच होतं. मग लपवलं काय?

१० ऑगस्ट
फोन केला. "अहो, त्या आठ दिवसांत काय लपवत होतात?"
"अगं, मुलाखतीत काहीतरी बोलावं लागतं." मग एकदम लाडात, "तुझा गुडघा कसा आहे?"
सहा महिने दुखतोय, आजवर विचारला नव्हता. मालिकेतला हेरही दगा द्यायच्या आधी अशीच चौकशी करतो. एक भाग चुकवलेला नाही मी.

११ ऑगस्ट, सोमवार
सासूबाई शेंगदाणे निवडत होत्या. मी म्हणाले, "अव्वा, दवाखान्यातलं ह्यांनी सांगितलं मला सगळं." खोटं. सहज जमलं. म्हातारी फसली.
"डाक्टरनं तवाच सांगितलं की त्येला. पिशवी कामातनं गेली, आता मूल न्हाई म्हून."
तीन वर्षं! दर सोमवारी उपवास, तोही ह्यांनीच धरायला लावलेला. बार्शीच्या वैद्याचं कडू चूर्ण. पाळीचे चार दिवस वर गेले की मनात नावं ठरवायची.
"मग मला उपाशी का मारलंत?"
"आशेवर हुतीस म्हून घर धरून ऱ्हायलीस की."

१२ ऑगस्ट
वहीत तरी आजपासून अहो-जाहो बंद. चूर्ण मोरीत ओतलं. रडू येईल वाटलं, तर भूक लागली. शेंगाचटणीबरोबर दोन भाकरी खाल्ल्या. रडले नंतर.
त्याला माझी दया आली असणार, हे कळतं मला. म्हणून तर जास्त संताप येतो. नुसता हरामखोर असता तर सोपं होतं.

१४ ऑगस्ट
उद्या झेंडावंदनानंतर गल्लीतलं मंडळ त्याचा सत्कार करणार. पत्नीने दोन शब्द बोलायचेत, माईकवर. सासूबाई सकाळपासून मागे मागे. "चारचौघांत काय बोलू नगंस गं बाई. पाया पडते." पडल्या. मी अडवलं नाही. मला कळलंय हे त्याला सांगितलंत तर नक्की बोलेन, असं बजावलंय.
तो संध्याकाळी आला. जेवताना म्हणाला, "काय बोलणार आहेस उद्या?"
"तुम्हाला आवडेल तेच." वर तूप वाढलं.
खूश झाला. उभा जन्म नाटकात घालवला आणि समोरच्याचं खोटं ओळखता येत नाही. सासूबाई अर्ध्या ताटावरून उठल्या.
साडी इस्त्री करून ठेवलीय. पहिलं वाक्य पाठ आहे, "ह्यांनी मला फार जपलं." पुढचं उद्या त्याच्या तोंडाकडे बघून ठरवीन.