चाकाच्या पलीकडून

दादा, तुमी जाऊन एकवीस वर्षं झाली आणि माझा राग अजून गेला न्हाई. लोक म्हणतात, मेलेल्या बापावर काय रागवायचं. मी म्हणते, जित्या बापापुढं तोंड उघडायची आमची टाप होती का? मग आता न्हाई तर कधी रागवायचं?

वसमतला कुंभारकामाचा दहा दिवसांचा वर्ग होता, विजेच्या चाकावर. आज संपला. शिकवणारी मॅडम नांदेडची, माझ्या लेकीच्या वयाची. शेवटच्या दिवशी ज्याला चाकावर आपल्या हातानं भांडं काढता येईल, त्यालाच चाक घरी मिळणार, असं ठरलेलं. बावन्न वर्षांची मी, चष्मा लावून, पोरीसोरींच्या रांगेत रोज चाकावर बसले. व्हय, चाकावर. ऐकलं का?

तुमच्या अंगणात मी काय केलं न्हाई, सांगा. माती चाळली, लीद कालवली, टाचा फुटेस्तोवर चिखल तुडवला. तुमी काढलेलं मडकं आतून दगड लावून, बाहेरून फळीनं थापून मोठं करायचं, तेही मी आन् आईनंच. पण चाक तुमचं. बाईचा हात लागला की चाक विटाळतं, हे तुमी आमाला भाकरीसंगं खाऊ घातलं. मी चाकाच्या पलीकडं, तुमच्या बराबर समोर बसायची आणि मातीचे गोळे पुढं सरकवायची. तुमाला वाटायचं, पोरगी कामाची आहे. अहो, मी तुमचे हात बघत होते.

मी बारा वर्षांची आहे. आखितीचा, अक्षय्य तृतीयेचा सण तोंडावर आलेला, घागरींची घाई, आणि तुमी कुरुंद्याच्या बाजारला गेलेले. मी बसते. काठी घालून चाक फिरवते, गोळा ठेवते, नुसता हात टेकते. तेवढ्यात तुमी माघारी येता, पिशवी विसरली म्हणून.

"काहून बसली गं तिथं? कुणाला इचारून?"

केसाला धरून ओढलं तुमी. चाकापुढं नाक घासायला लावलं. मग गोमूत्रानं चाक धुतलं. माझ्या पायानं तुडवलेली माती चालत होती, माझ्या हातानं चाक बाटत होतं! आई चुलीपुढं भाकरी थापत होती, तिनं मान वर केली न्हाई. संध्याकाळी तुमी बाजारातून हिरव्या बांगड्या आणल्या. "घाल," म्हणले, "हाताला शोभा येती." घातल्या. तुमी मला हौसेनं दिलेली ती एकच वस्तू, आणि मला आजही तिची किळस येते.

वर्गात पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाली, "मावशी, बांगड्या काढून ठेवा, भांड्याचा काठ चिरतो." काढल्या, बरं वाटलं. पण आठ दिवस गोळा काही मधोमध बसंना. थयथय नाचायचा आणि शेवटी उडून माझ्या मांडीवर. शेजारची पोरगी फिसकन हसायची. घरी जाताना बसमध्ये मी तुमाला तोंडातल्या तोंडात शिव्या द्यायची. मरूनसुद्धा हा माणूस मला चाकावर बसू देत न्हाई, असं वाटायचं.

नवव्या दिवशी मॅडम माझ्यासमोर उकिडवी बसली आणि हात बघत राहिली.

"मावशी, तुम्ही डावखुऱ्या आहात का?"

"न्हाई बाई."

"मग उजव्या हाताचं काम डाव्यानं का करताय? सगळं उलटं धरलंय."

मी हाताकडं बघितलं आणि ध्यानात आलं. मी समोरून शिकले होते ना. तुमचा उजवा हात माझ्या डावीकडं. आरशात बघून शिकावं, तसं मनात चाळीस वर्षं घोकलेलं. मॅडमनं माझे हात बदलले न्हाईत. तिनं खालचं बटण दाबलं आणि चाक उलट्या बाजूनं फिरायला लागलं. मी हात टेकले, गोळा गप बसला. अंगठा आत घातला, माती वर आली. वीतभर गाडगं. मी तिथंच ढसाढसा रडले, लाज न्हाई वाटली.

आज सगळ्यांसमोर तसंच दुसरं काढलं. चाक मिळालं, उद्या टेम्पोनं घरी येतंय. मॅडमनं विचारलं, "मावशी, आधी कुणी शिकवलं होतं तुम्हाला?" याचं उत्तर मी जन्मभर जपून ठेवलं होतं. कुणी न्हाई. बापानं नाक घासायला लावलं. चारचौघांत हे सांगायचं, तुमची लाज काढायची, म्हणून तर वर्गात नाव घातलं होतं.

आणि माझ्या तोंडून गेलं, "आमच्या दादानं."

मॅडम म्हणाली, नशीबवान आहात. मी मान हलवली. तुमाला माफ केलं असं समजू नका, केलेलं न्हाई. पण मी सांगितलं ते खोटं होतं का खरं, हे मला अजून ठरवता येईना. म्हणून हा कागद मी कुणाला दाखवणार न्हाई.